किरुहुरा, सकाळी सात

थर्मामीटर लावण्याआधीच
रुतेबुकाच्या बोटांना कळलं होतं:
बिहोगोच्या कानाखाली गाठ,
लिंबाएवढी. काल नव्हती.

गाठीत सुई. काचेवर थेंब.
ताकाचा वाडगा संपेतो रंग चढू दिला,
मोटारसायकलच्या सीटवर मायक्रोस्कोप मांडला,
आरशात ऊन धरलं.

पांढऱ्या पेशींच्या पोटात निळे ठिपके.
थायलेरिया.
ताप एक्केचाळीस, पण नाकाला फेस नाही अजून.
मानेत खोल इंजेक्शन दिलं.

म्हातारा भिंगावर वाकलेला, कितीतरी वेळ.
कळपातल्या एकूणएक गायीचं नाव त्यानंच ठेवलेलं,
कुणाचं रंगावरून, कुणाचं शिंगांच्या वळणावरून.
"ह्यांना काय म्हणता?"
मी सांगितलं.
त्यानं ते उच्चारून पाहिलं नाही.

बिहोगोच्या कानातली तपकिरी गोचीड
नखावर चिरडत म्हणाला,
"वासरी हिलाच पिते.
तिचा कान बघ."