डाव्या बाजूने

इर्बिदच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम फक्त फोन करायचं.
यादीत चौसष्ट दाढा आहेत.
माणसं त्यांच्याबरोबर येतात.

क्रमांक एक्केचाळीस : मुतीअ, वय सत्तेचाळीस,
इर्बिद ते जरश मिनीबस चालवतो.
खालची डावी, पहिली मोठी दाढ.
पहिल्या दिवशी म्हणाला,
चहाचा घोट घेतला की कळ उठते
आणि पुढच्या सिग्नलपर्यंत सोबत येते,
भाडं न देता.
रात्र भिंतीला टेकून काढतो.
बायको म्हणते, उपटून टाक एकदाची.

फॉर्मवर त्या दुखण्याचं नाव छापलेलं आहे :
परत न फिरणारा दाह.
डॉक्टर सुहैरनी हेच नाव शिकवलं बावीस वर्षं
आणि आता त्याच्या खाली त्या
पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढतात.
कुठून परत फिरायचं नाही, हे कुणी ठरवलं?
वरचा मजला जळाला म्हणून
तळघरातल्यांनाही मेलेलं धरायचं?

त्या दिवशी मी आत होते, घड्याळ धरून.
सुई. रबराचा निळा पडदा,
पडद्यातून वर आलेली एकटी दाढ.
पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याची कणी फिरली,
छत उघडलं,
आत रक्त.
‘चांगलं आहे,’ डॉक्टर म्हणाल्या.
रक्त पाहून असं म्हणणारं
मला दुसरं कुणी भेटलेलं नाही.
सुजलेलं तेवढं काढलं, मुळांच्या तोंडापर्यंत.
ब्लीचमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठेवला.
मी मिनिटं मोजली. दोन. चार.
सहाव्याला बोळा उचलला.
थांबलं होतं.
मग ओल्या वाळूसारखं पांढरं सिमेंट,
गवंडी जोत्यावर थापतो तसं, पण हलक्या हाताने.
‘आत अजून मीच आहे ना?’
मुतीअने बधिर ओठांनी विचारलं.
कुणी हसलं नाही.

सहा महिन्यांनी आला.
एक्स-रेत मुळांच्या टोकाशी हाड शाबूत.
वर्षाला आला नाही.

आता अडचण अशी, की या दाढेला
बर्फाची कांडी लावून उपयोग नाही.
थंड ओळखणारा वरचा भाग आपणच काढला.
जिवंत असली तरी हाकेला ओ देत नाही ती,
म्हणून माणसाला विचारावं लागतं,
आणि माणूस फोन उचलत नाही.

अकरा वेळा.
दाताच्या कण्या केल्या मी
त्याच्या मेहुण्यापुढे, बसथांब्यावरच्या चहावाल्यापुढे.
बस विकली म्हणे. अकाबाला गेला म्हणे, बंदरावर.
दुखत असणार, आकडे बघणारा नासिफ म्हणाला.
दुखणारे येतात, सुहैर म्हणाल्या, बरे झालेले विसरतात.
पुरावा दोघांकडेही नव्हता.
रकान्यात लिहायचं : नोंद उपलब्ध नाही.
असे नऊ झालेत.
नऊ दाढा कुठेतरी चावताहेत,
किंवा नाहीत.

काल रात्री साडेनऊला त्याचाच फोन.
मागे समुद्र की पंखा, कळेना.
जमलं नाही, बहिणी, म्हणाला,
यायला पाच तास, जायला पाच, मजुरी बुडते.
दुखतं का?
काय?
दाढ.
कोणती दाढ? तो म्हणाला,
आणि फोनमध्ये कट्ट असा आवाज झाला.
मग आणखी एक.
फुटाणे.
चणेही होते तर, आणि दातही.
कोणत्या बाजूने खाताय? मी ओरडलेच.
तो थांबला. बहुधा जीभ फिरवून पाहिली.
डाव्या, म्हणाला.

सकाळी यादी उघडली.
एक्स-रे नाही, तपासणी नाही.
ऐकलेल्या कट्टला रकाना नाही,
आणि रकाने मीच आखलेले.
एक्केचाळीसपुढे लिहिलं : नोंद उपलब्ध नाही.
मग सुहैरच्या टेबलावरची पेन्सिल घेतली.