उणे तीन पूर्णांक शून्य चार

कोलचानीच्या शाळेत एउलालियाबाई तक्ता लिहितात:
वर सोनं, मग तांबं,
हायड्रोजनपाशी शून्य,
खाली जस्त, सोडियम,
आणि पार तळाला लिथियम.

‘ज्याचं ऋण मोठं, त्याचा हात सैल.
इलेक्ट्रॉन ठरतच नाही त्याच्यापाशी.
म्हणून सगळ्यांत कडवा क्षपणक हाच.’

सुल्मा खिडकीबाहेर बघते.
काळा चष्मा लावलेली आई
फावड्याने मिठाचे ढीग ओढते आहे,
ओठ फुटलेले.
त्या कवचाखाली, खाऱ्या पाण्यात, तोच लिथियम.

‘मग बाई, आमचा पाण्यात इतका गप्प कसा?’

खडू थांबतो.
‘तो देऊन बसलाय, पोरी. कधीचाच.
पुन्हा धातू करायचा तर
त्यालाच द्यावं लागतं कुणीतरी. वीज लागते.’

छताचा दिवा
सकाळपासून बंद.