कोणता डेपो?

जनगणनेला आलेल्या बाईंनी
व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं.
ईनॉक चक्रनारायण म्हणाले, कंडक्टर.
कोणता डेपो? सीबीएस की पंचवटी?
सर क्षणभर थांबले. पंचवटी, म्हणाले,
आणि चहा टाकायला आत गेले.

मी तिथेच होतो, डेकचं हेड स्पिरिटने पुसत.
बोहोरपट्टीत माझं दुकान,
आणि सर जिथे हात उचलतील तिथे मी टेप घेऊन.
एकोणीस वर्षं. त्रेचाळीस कॅसेटी, सहा स्पूल.
एकाही कव्हरवर त्यांचा फोटो नाही,
कारण कव्हर नव्हतंच,
माझं बॉलपेन होतं.

तीसेक वादक. प्रेसमध्ये नोटा मोजणारे सात,
तोफखान्याच्या बँडमधून पेन्शनीत निघालेले दोन हवालदार,
शरणपूरची व्हायोलिनं, सगळी एकमेकांची चुलत,
आणि ओझरचा एक फिटर,
ज्याने डबल बासची खुंटी
विमानाच्या कारखान्यात लेथवर कातून आणली.
तालीम रविवारी, उपासना सुटल्यावर,
बाकांना अजून माणसांची ऊब असताना.

सर कमी बोलायचे.
बासरी, तुम्ही गंगापूर रोडने निघालात,
बाकी मंडळी त्र्यंबक रोडने.
भेटायचं कुठे?

देवळालीला तोफांचा सराव चालायचा.
सातव्या कॅसेटची ब बाजू, अगदी हळुवार जागा,
ओबोच्या सुराखाली लांबून एक धम्म.
मी म्हटलं, खोडतो, पुन्हा घेऊ.
राहू दे, म्हणाले.
जरा उशिरा आली, पण सुरात आहे.

दुसरा आवाज त्यांच्या उजव्या गुडघ्याचा.
कधीतरी सायकलवरून पडलेले,
चेलोंकडे वळले की, कट.
पुण्याच्या एका जाणकाराने पत्रात विचारलं होतं
हे लाकडी वाद्य कोणतं,
आणि ते इतक्या नेमक्या जागी कसं येतं.
सरांनी उत्तर लिहिलं नाही. पत्र जपून ठेवलं.

ऑपेरा एकच केला.
शाळेच्या हॉलमध्ये, मराठी शब्द बसवून.
नायिका सिव्हिलमधली नर्स, डबल ड्यूटी उरकून आलेली.
तिसऱ्या अंकात तिला मरायचं होतं
आणि मरणाच्या दोन ओळी आधी लाइट गेली.
माझं मशीन गुरगुरत खाली बसलं.
टेप हळू पडत गेली, म्हणून आज ऐकताना
तिचा आवाज उलट वर चढतो,
बाईची पोर होते, पोरीची चिमणी,
आणि मग काही नाही.

पुढचं माझ्याकडे नाही.
त्या अंधारात हात कुणाला दिसणार?
पण कुणी थांबलं नाही.
हॉर्नवाले हवालदार शपथेवर सांगायचे,
सर मुद्दाम वळत होते, पुन्हा पुन्हा,
आम्ही त्या गुडघ्यावर वाजवलं
शेवटपर्यंत.
मेणबत्त्या आल्या तेव्हा नायिका मेलेली होती
आणि सर घामाने भिजून
एका पायावर उभे.

सर गेल्यावर मी सगळं संगणकावर चढवायला घेतलं.
कॉलेज रोडच्या स्टुडिओतला पोरगा चटपटीत.
काका, कचरा फार आहे, म्हणाला.
एक बटण दाबलं.
सरसर गेली, तोफ गेली, कट गेला.
उरलं ते स्वच्छ, धुतल्या काचेसारखं,
कुणीही वाजवलेलं.

म्हटलं, जे काढलंस ते कुठे जातं?
ते पण ऐकता येतं, म्हणाला, पण कशाला?
लाव.

खरखर.
कुणाची तरी खुर्ची.
आल्याच्या वड्या चघळणारा फिटर.
लांब कुठेतरी देवळाली.
पोरगा घड्याळ बघायला लागला.
काका, यात म्युझिक कुठंय?

थांब, म्हटलं.
आता ते चेलोंकडे वळतील.