किलोला किती

पहाटे तीनला मी लादी फोडतो.
नंदुरबार, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, बर्फाचा कारखाना.
नवापूरवरून इद्रिसची गाडी येते,
मागच्या फळीतून खारं पाणी गळत,
आणि आमच्या गल्लीतली कुत्री
समुद्र आला म्हणून उठून बसतात.

आमच्याकडे समुद्र असाच येतो,
थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाखाली, उधारीवर.

झेलाबाई वाडिलेनं तो पाहिलेला नाही.
सुरतपर्यंतसुद्धा गेली नाही कधी.
पण तिच्या शेडच्या पत्र्यावर खडूचे आकडे आहेत,
पापलेट, किलोला किती:
सासूच्या हातचा तीन, पुसट.
मग पाच. मग बरीच वर्षं आठ.
त्याच्या पुढं तिनं लिहायचं सोडलं होतं.

या चैत्रात खोकं उघडलं
आणि काट्यावर एका किलोला सतरा चढले.
बोटाएवढे. चांदीचे. डोळे मात्र पूर्ण वाढलेले.
ती खूप वेळ पारड्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, “हाई लेकरंच शेतस रे.
समुद्रमा कोन्ही मोठं उरनं का नै?”

इद्रिस म्हणाला, जाळी बारीक झाली मावशी,
मच्छरदाणीसारखी.
एकानं टाकली की दुसऱ्याला टाकावी लागते.
डिझेल कुणाच्या बापाचं?

मी गप्प.
मासा लहान झाला म्हणून बर्फ कमी लागत नाही,
उलट जास्तच, लहान लवकर नासतो.
माझा धंदा बरा चाललाय, हे मी कुणाला सांगितलं नाही.
आता इथं सांगतोय.

झेलाबाईचं माहेर प्रकाशाचं, गोमाई तापीला मिळते तिथलं.
तिचा बाप धुडकू भोई जाळं विणताना
बांबूची एक पट्टी घ्यायचा, तीन बोटं रुंद.
जाळ्याचा डोळा त्याहून बारीक झाला
तर रात्रीत उसवायचा, शिव्या देत, स्वतःलाच.
आषाढात गाभोळीची मासळी वर चढायची,
तेव्हा घरात भाकरीबरोबर नुसती मिरची.
पोरं रडायची. तो म्हणायचा, रडा,
पण तिला वर जाऊ द्या.
नंतर बंधारा झाला, वर जायला वाटच राहिली नाही,
तरी तो आषाढ पाळत राहिला.

ती पट्टी तिनं घरून आणली.
रिकाम्या खोक्यात ठेवली, इद्रिसला म्हणाली,
“जठे हाई मासा धरतस, तठे दी दे.
काही बोलू नको. नुसती दी दे.”

आठ दिवसांनी खोकं परत आलं.
बर्फ उपसला, मासे उपसले,
आणि तळाशी पट्टी, तशीच,
फुगलेली, मिठानं पांढरी.
कुणी बाहेर काढलीच नव्हती.
किंवा काढली, बघितली, आणि पुन्हा ठेवली.
इद्रिसला विचारलं तर तो बिडी पेटवू लागला.

तिनं पट्टी पदराला पुसली.
पुन्हा रिकाम्या खोक्यात घातली.

जूनपासून दोन महिने बंदी.
गाडी येत नाही, मी लाद्या सरबतवाल्यांना विकतो,
झेलाबाई सुकटीवर दिवस काढते
आणि कधी नव्हे ती खूश दिसते.
“आते तिकडे कोन्ही तरी मोठं व्हई राह्यनं व्हई,”
असं म्हणते, पश्चिमेकडे बघत,
जिथं फक्त डाळमिलची भिंत आहे.

ऑगस्टात गाडी आली.
किलोला चौदा.
तिनं खडू शोधला, मिळाला नाही,
कोळशानंच लिहिलं पत्र्यावर, आठाच्या पुढं जागा सोडून.
ती मोकळी जागा कशासाठी
हे मी विचारलं नाही.

पट्टी अजून फिरतेय.
मी लादीवर घण मारतो,
आणि दर वेळी, खोक्यात चुरा भरायच्या आधी,
तीन बोटं आत घालून
ती आहे ना, बघून घेतो.