जागा अडवून

रात्री पावणेदोनला टेम्पोतून आणला सिद्रामला,
चिरेखाणीवरचा, मूळ इंडी तालुक्यातला.
गोधडी न झटकता निजला, गोधडीत लाल विंचू.
घामाने सदरा पिळून निघावा असा,
आणि पावलं मात्र थंड,
बर्फाच्या पेटीतल्या सुरमईसारखी.

डॉक्टर मुजावरांनी पारा बघितला, म्हणाले,
"रुकय्या, प्राझोसिन."
पॅरासिटामॉलच्या खोक्यांमागे ती कायम हरवते.
बोटाच्या पेरावर मावते, वर जागा उरते.
गंगव्वाने नवऱ्याकडे बघितलं, मग गोळीकडे,
"इंजेक्शन नाही?"

काय सांगणार होते तिला.

डिप्लोमाच्या पुस्तकात कुलूप-किल्लीचं चित्र होतं.
मला ते कधी पटलं नाही,
आमच्या दाराला कुलूप नव्हतंच,
कडी, आणि कडीत खुपसलेली माडाची काडी.
मी डोक्यात धक्का धरला, साखरीनाट्याचा.
पेशीच्या कडेला धक्का, त्याला म्हणायचं ग्राही.
होडी येते, दोर टाकते, टोपल्या उतरतात,
लिलावाची बोली चढते, आत गावाला कळतं.
एखादी अर्ध्याच टोपल्या आणते,
तिची बोली कुजबुजीवर संपते.
आणि एखादी रिकामीच येते.
दोर टाकते. बसून राहते.
काही उतरत नाही, गाव झोपलेलं.
पण तेवढा वेळ तिथे दुसरं कुणी लागत नाही.

परीक्षेत हेच लिहिलं.
सरांनी लाल पेनने विचारलं, मासळी कुठून आली?
दहापैकी चार.

विंचवाचं विष स्वतः धक्क्याला लागत नाही.
ते नसांच्या टोकांची दारं सताड उघडून देतं,
मग सुटतात त्या आपल्याच होड्या,
सगळ्या एकदम, वादळाचा बावटा लागल्यासारख्या,
अंगाने अडीनडीला राखलेला साठा घेऊन,
आणि धक्क्याधक्क्यावर एकच बोली: आवळा, आवळा.
रक्तवाहिन्या आवळत जातात.
काळीज एकटं रेटत राहतं
बुजत आलेल्या पाखाड्यांतून.

ही गोळी विषाशी भांडत नाही.
विषाची आणि तिची गाठसुद्धा पडत नाही.
होड्यांच्या गर्दीत शिरते, मिळेल तो खुंटा धरते,
नुसती जागा अडवते.
तीही कायमची नाही, गाठ सैल असते,
ओहोटीबरोबर सुटते,
म्हणून तीन तासांनी पुन्हा.

"उठू देऊ नका," मी गंगव्वाला बजावलं,
"आवळलेलं एकदम सुटलं
की उभा माणूस कोसळतो."
तिने दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले
आणि तशीच बसली.

अब्बांनी बलाव विकला त्याला चार वर्षं झाली.
तरी रोज पहाटे जाऊन बसतात
जुन्या खुंट्याशी, पाय पसरून.
लाँचवाले म्हणतात, चाचा जागा अडवतो.
मीही म्हटलंय एकदा, घावन वाढताना.
घास गिळून म्हणाले,
"मी बसतो म्हणून तिथे बर्फाचा ट्रक लागत नाही.
लागला तर पोरांनी जाळी कुठे पसरायची?"
त्या दिवशी मला ते कारण खोटं वाटलं होतं.

पावणेपाचला दुसरी गोळी.
बाहेर मशिदीचा भोंगा खरखरला,
टेम्पोवाला पायरीवर घोरत होता.
सदरा सुकत आला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून
बराच वेळ ऐकलं, काही बोलले नाहीत,
चहा सांगितला.

मग गंगव्वाने त्याचं पाऊल धरलं,
सोडलं, पुन्हा धरलं.
"बिसी," ती म्हणाली,
आणि मला कळलं नसेल असं वाटून
माझा हात ओढून तिथे ठेवला.

वहीत लिहिलं: पावलं गरम, पाच चाळीस.
कपाटात आता सहा उरल्या.
मागणीपत्रावर वीस लिहिल्या,
खोडून पन्नास.