गोलपुढचं टक्कल

अकरा वर्षं मी याच दोन खांबांमध्ये उभा होतो.
डावी टाच, उजवी टाच,
पेनल्टीच्या आधी बूट घासायची खोड,
आणि माझ्या पायाखाली हळूहळू
टक्कल पडत गेलं. आधी परातीएवढं,
मग खाटेएवढं.
मला ते दिसलं नाही.
बॉल बघणारा माणूस जमीन बघत नाही.

गुडघा गेल्यावर तालमीनं मला पाइप धरायला ठेवलं,
हिंदुराव चौगल्यांच्या हाताखाली.
पहिल्याच दिवशी त्यांनी गवताची एक पाती उपटून
माझ्या तळहातावर ठेवली.
"सांग, ही वाढती कुठनं?"
मी शेंड्याकडं बोट केलं.
"म्हणूनच गोल खात हुतास."

झाड शेंड्यानं वाढतं, गवत बुडातनं.
सोऱ्यातनं शेव सरकावी तशी
पाती खालनं वर येते.
शेंडा म्हणजे तिचा सगळ्यात म्हातारा भाग;
तो गेला तर गेला.
म्हणून म्हैस चरून जाते आणि कुरण राहतं.
जीव असतो मातीला चिकटून,
करंगळीच्या नखाएवढा.
तिथं पातं लागलं, की मग
कितीही पाणी मारा.

फायनलच्या आधी सेक्रेटरी सरनोबत आले,
म्हणाले, कॅरमबोर्डासारखं पायजे, बारीक मारा.
हिंदुरावांनी मशीनची चावी खिशात टाकली.
"तीन बोटं गवत हाय. एक बोट तुमचं,
दोन त्याचं.
आणखी पायजे तर आठ दिसांनी या."
सरनोबत चहा न पिताच गेले.

हा माणूस मूळचा कागलकडचा.
उसाच्या सरीतली हरळी खणून
हाताची बोटं वाकडी झालेली.
एक कांडं मागं राहिलं
तरी पंधरवड्यात बांधापर्यंत पोचायची, म्हणतात.
"तीस वर्षं तिच्याशी भांडलो.
आता पगार तिच्याच जिवावर खातो."
आणि हसताना तंबाखू सावरतात.

मी रोज संध्याकाळी पाणी शिंपडायचो, हौसेनं.
त्यांनी खुरप्यानं एक चौकोन उचलून दाखवला:
मुळं दोन बोटांवर थांबलेली, गुंतलेली.
"रोज चमच्यानं भरवलंस.
ती कशाला खाली उतरंल?"
तेव्हापासून आठवड्यातनं दोनदा, पहाटे,
गंगावेशीतली म्हशींची गर्दी पांगायच्या आत,
वीतभर माती भिजेपर्यंत.
मधल्या दिवसांत तहान तिला शिकवते.

शेवटी टकलाची पाळी आली.
खुरपं आत जाईना.
सिमेंट नव्हतं ते, मी होतो,
माझं बहात्तर किलो, अकरा वर्षं.
पहारीनं भोकं पाडली,
भोकात वाळू, वर चाळलेलं शेणखत,
आणि हरळीची कांडी,
एक डोळा मातीत, एक उजेडात.
दोरी बांधून पाटी लावली: इकडं येऊ नये.
तरी एक कुत्रं मधोमध झोपायचं.
सातव्या दिवशी काहीच नाही.
बाराव्या दिवशी मी हिंदुरावांना विचारलं.
"खाली बघ की, वर काय बघतोस."

आता तिथं मोमीन गल्लीतली रुहीन उभी राहते.
चांगली पोर आहे, उडी लांब.
पण टाच घासते, त्याच जागी.
"सरावाला दोन पावलं पुढं हो," मी ओरडतो.
ती हात कमरेवर ठेवून विचारते,
"सर, बॉलकडं बघू का गवताकडं?"

उत्तर येत नाही मला.
ती गेल्यावर दुखरा गुडघा लांब करून
खाली बसतो, नखानं माती उकरतो.
आत काहीतरी पांढरं, दोऱ्याएवढं,
खांबाच्या दिशेनं निघालेलं.
पुन्हा झाकून ठेवतो.