प्रश्न तिसरा, गुण दहा

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट लागायला अजून वेळ आहे.
मांडीवर एकोणतीस उत्तरपत्रिका, हातात लाल पेन,
शेजारच्या स्कूटरला अडकवलेल्या पिशवीतून
बांगड्यांचा वास.

प्रश्न तिसरा : नायिकेचे स्वभावचित्र रेखाटा.

बावीस वर्षं मी ही कादंबरी शिकवते.
ती रात्री घर सोडते, नदी ओलांडते,
आणि पुढची दोनशे पानं कुणाला सापडत नाही.
फळ्यावर मी लिहिते : त्याग. स्वाभिमान. काळाचं दडपण.
मुलं उतरवून घेतात.
एका वर्षी खडू मध्येच संपला
आणि सगळ्या वर्गाने परीक्षेत ‘काळाचं दड’ लिहिलं.
गुण दिले मी. काय करणार.

अठ्ठावीस पेपरांत ती त्यागमूर्ती आहे.
एकोणतिसावा सुलक्षा मांद्रेकरचा,
जी शिकवताना वहीकडे नाही, थेट माझ्याकडे बघते,
म्हणून मला तिचा जरा धाकच वाटतो.
नायिकेवर चार ओळी, आणि मग :

‘पान एकशे बारा. नावाडी. लेखकाने त्याला नाव दिलेले नाही.
दीड ओळ दिली आहे. उतरा बाई, दोर ओला आहे, सांभाळून.
तो रिकामी होडी घेऊन परत गेला असणार.
सकाळी तिच्या घरचे आले असणार, काठ्या घेऊन.
तो बोलला असता
तर कादंबरी एकशे तेराव्या पानावर संपली असती.
म्हणून नायिकेच्या स्वभावचित्रात
नावाडी गप्प बसला, हे मी लिहीत आहे.’

नमुना उत्तरात सहा मुद्दे आहेत. नावाडी नाही.
समासात लिहिते : विषयांतर.
खोडते.
लिहिते : ‘असणार’ हा पुरावा नव्हे.

हे मात्र खरंच, मुली.
मजकुराला जे ठाऊक नाही
ते आपण त्याच्या तोंडी घालू नये.
तो गप्प बसला नसेल, नुसता झोपला असेल.
त्याला कुणी विचारलंच नसेल,
नावाड्याला कोण विचारतं?
चांगुलपणाचे शिक्के मारत सुटलीस
तर तोही त्यागमूर्तीच, फक्त मिशा असलेला.

बोट लागते. लोखंडी फळी खडखडत उतरते,
कुस्तोद साखळी काढतो.
चालत येणाऱ्याला इथे पैसे पडत नाहीत,
म्हणून त्याच्या-माझ्यात सुट्ट्यांचंसुद्धा बोलणं नाही.
नदी मधोमध तांबूस, कडेला कांदळांची काळी सावली,
पलीकडे चोडण. माझं घर. दिवा लागलेला.

सोळा वर्षांपूर्वी, मार्चात,
शेवटच्या फेरीने मी तिथून इकडे आले होते.
एक बॅग, दोन मोटरसायकलवाले, आणि हा.
तेव्हा त्याचे केस काळे होते.
बॅगेकडे बघून म्हणाला,
‘बाये, ही निमाणी. परत येवपाक आतां फाल्यां सकाळीं.’
बस, एवढंच. दीड ओळसुद्धा नाही.

सकाळच्या पहिल्या फेरीला तोच होता.
साखळी काढली, नदीत थुंकला, नेहमीसारखा.
घरी मी सांगितलं, मावशीकडे राहिले होते.
मावशीला कुणी विचारलं नाही.
त्याला विचारलं का, ते मला माहीत नाही.
तो रोज मला बघतो.
यातलं काहीच पुरावा नव्हे.

काठ जवळ येतो, लोक गाड्या सुरू करतात,
धुरात मी घाईघाईने गुण भरते.
दहापैकी साडेसात.
अडीच का कापले ते लिहावं लागतं, नियम आहे.
लिहिते :

पान एकशे बारा पुन्हा वाचावे.
नावाड्याने तिला परतीची वेळ सांगितली होती का?